कातरलेल्या कानाचे हत्ती

चित्राला हात घालण्याआधी हत्तीवाली मावशी भिंतीला दोन-तीन ठिकाणी थापटायची. मेंढीच्या पाठीवर थापटावं तसं, उघड्या तळहाताने. मग त्याच जागी गाल टेकवून घटकाभर उभी राहायची. घरची मंडळी चुन्याची बादली आणि गेरूचं मडकं घेऊन ताटकळलेली असायची, पण मावशीला घाई म्हणून नव्हती. एखादी भिंत आतून ओली राहिली असली की ती सरळ निकाल द्यायची, "गाभण हाय. आज रंग धरायची न्हाई." आणि सामान गुंडाळून चालू लागायची. लग्न चार दिवसांवर आलेला यजमान हात जोडत मागे जायचा. ती म्हणायची, "मला कावून हात जोडता? भिंतीला ऊन दाखवा."

ही गोष्ट निजामाच्या अमलातली. माझे वडील दिंद्रुडचे पटवारी होते. मावशी धनगराची. सुगी आटोपून रानं मोकळी झाली की तिच्या घरची मेंढरं आमच्या शिवारात बसायला यायची आणि नेमकी तीच लग्नसराई असायची. लेकीचं लग्न निघालं की दाराच्या दोन्ही अंगांना मावशीचे दोन हत्ती हवेतच, अशी गावाची रीत पडली होती. देशमुखाचं घर असो की कुंभाराचं, वरात त्या दोन हत्तींमधूनच बाहेर पडायची. तिला नाव असणारच, पण ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, याची आज लाज वाटते.

तिचं सगळं दुकान एका फडक्यात मावायचं. गेरू, चुना, दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि जोंधळ्याच्या धाटाला मेंढीची लोकर बांधून केलेले चार कुंचले. निळा रंग तेवढा लतीफचाचा द्यायचे. ते कपडे रंगवायचे आणि मोहरमला ताबूत सजवायचे. त्यांच्या कागदी मोरांपुढे पोरं जेवणखाण विसरायची. दोघं भेटली की चाचा मोराच्या पिसाऱ्यावर बोलायचे, मावशी मेंढरांच्या खुरावर, आणि कुणीच कुणाचं ऐकायचं नाही. तरी निळीची पुडी चाचा दर वर्षी न मागता काढून ठेवायचे.

मी तेव्हा मोमिनाबादच्या, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या, वस्तानिया, म्हणजे माध्यमिक, शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. हैदराबादेत दोन वर्षं चित्रकला शिकून आलो होतो, त्यामुळे जगात शिकण्यासारखं फारसं उरलं नाही अशी माझी समजूत होती. वय तेवीस. डोक्यावर तुर्की टोपी, खिशात शिसपेन्सिल. सुटीत गावी आलो की मावशीचं काम बघत उभा राहायचो आणि मनात गुण द्यायचो. शंभरपैकी तीस, फार तर पस्तीस.

आम्हाला शिकवलेलं असं, की आधी डोक्याचा गोल, मग धडाचा गोल, मग बाकीचं. मावशी पायांपासून सुरू करायची. जमिनीलगत चार खुरं, त्यांवर चार पाय, आणि बराच वेळ भिंतीवर नुसते पायच उभे असायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, आधी डोकं काढायचं सोडून हे काय?" ती कुंचला न थांबवता म्हणाली, "जल्मलेलं कोकरू बघितलंय का कदी, मास्तर? ते आदी हुबं ऱ्हातंय. हुबं ऱ्हायलं तर जगतंय. तोंड काय, मागनं दिसतंच की." मी हसलो. माझ्या वहीत त्या दिवशी हत्तीचं एक सुंदर डोकं होतं आणि ते आजतागायत डोकंच राहिलं आहे.

आता तिच्या हत्तींविषयी. त्यांना खुरं होती. सोंड होती, पण वीतभर, बोकडाच्या दाढीएवढी. कारण जिवंत हत्ती तिने जन्मात पाहिला नव्हता. धर्मापुरीच्या देवळावर दगडातले पाहिले होते, आणि त्या दगडी हत्तींच्या सोंडा कधीकाळी कुणीतरी फोडलेल्या. तिने पाहिलं तसं काढलं. तिसरी गंमत म्हणजे कान. प्रत्येक जोडीतल्या एका हत्तीच्या कानाच्या कडेला तुकडा तुटल्यासारखा. कुठे एक, कुठे दोन, कुठे वर, कुठे खाली. मी मित्रांत तिची नक्कल करायचो, "या, पाहा, दिंद्रुडचे फाटक्या कानाचे हत्ती." हशा मिळायचा.

आणि मग आमच्या वच्छीचं लग्न ठरलं. वच्छी माझी पाठची बहीण. मुलगा निजाम सरकारच्या नोकरीत, मुक्काम वरंगल. आईने ते नाव ऐकलं आणि विचारलं, "तिकडे मराठी कळतं का कुणाला?" बैलगाडीने परभणी, तिथून आगगाडी, मग पुन्हा आगगाडी. आमच्या घरातली कुठलीच पोर अंबाजोगाईच्या पलीकडे दिलेली नव्हती. वच्छी वरून हसत होती, पण त्या महिनाभरात तिने तीनदा पिठल्यात मीठ दोनदा घातलं.

मी लग्नाच्या तीन दिवस आधी घरी पोचलो. हत्ती तयार होते. दारात उभं राहून बघितलं आणि मी कपाळाला हात लावला. वऱ्हाड हैदराबादेकडून येणार, त्यांच्यातल्या पोरांनीही खरे हत्ती पाहिलेले. ड्रॉइंग मास्तरच्या दारात ही बोकडदाढीची जनावरं? जेवण होताच मी धोतर खोचलं आणि कामाला लागलो. सोंडा जमिनीपर्यंत आणल्या. खुरांची नखं केली. डाव्या हत्तीच्या कानाला वर एक आणि खाली एक असे दोन तुकडे तुटलेले होते, उजव्यालाही तसेच. ते मी काजळी भरून व्यवस्थित सांधले. दिवेलागणीपर्यंत दोन खरेखुरे हत्ती उभे राहिले, आणि खोटं कशाला सांगू, मी माझ्यावर जाम खूष झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. चित्र पुरं झाल्यावर हत्तींच्या कपाळी हळदीचा टिळा लावायला ती यायचीच. भिंतीपुढे ती बराच वेळ उभी राहिली. मी वाद घालायच्या तयारीत होतो.

"सोंड लांबवली," ती म्हणाली. "झाक झाली. अशी असती व्हय?"

"अशीच असते."

"बरं झालं, कळलं. पर कान कावून सांधला?"

मी शाळेतला आवाज काढला. "मावशी, हत्तीचा कान फाटका नसतो."

"फाटका न्हाई, मास्तर. खूण हाय ती." तिने बोटाने माझ्या काजळीवर टेकवलं. "मेंढराच्या कानाला कातरा घालत्यात. ज्याच्या त्याच्या घरचा येगळा. जनावर चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलं तर मानूस कान बगतंय अन् म्हनतंय, हे अमक्याचं हाय, नेऊन सोडा रं. खूण नसली का मंग ते कुनाचंच न्हाई. तुमच्या घरची वर येक, खाली येक. तुमच्या आत्याच्या लग्नात म्याच ठरवलती." बोटाची काजळी पदराला पुसत ती म्हणाली, "पोर लांब चाललीय, म्हनून दोनी हत्तींना घातलती. येरवी येकालाच घालते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हळदीची वाटी आईच्या हातात दिली, "उद्या आमचं बिऱ्हाड हालतंय, टिळा तुमीच लावा," एवढं सांगितलं आणि निघून गेली. आई सुपातले तांदूळ तसेच ठेवून खाली बसली. वच्छी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "दादा," ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही, "आता मी हरवले तर?"

इतक्या वर्षांत मला पुष्कळ जणांनी मूर्ख म्हटलं आहे, पण त्या प्रश्नाइतकं काही लागलं नाही. मी कुंचला घेऊन पुन्हा कानाकडे गेलो, पण हात उचलेना. कातरा किती खोल, कुठल्या कोनात, मला काही ठाऊक नव्हतं. समोरच्या ओट्यावर लतीफचाचा फेटे वाळत घालत होते. त्यांनी सगळा तमाशा पाहिला होता. मला म्हणाले, "मास्टर, तुमे देख के खींचते, वो पाल के खींचती." तू पाहून काढतोस, ती पाळून काढते. आणि पुन्हा फेट्याची दोरी ताणायला लागले.

मी टोपी घरी ठेवली आणि मेंढवाड्याकडे निघालो. नदीकाठच्या रानात जाळीच्या कुंपणात मेंढरं बसलेली. मावशी एका कोकराला मांडीत दाबून त्याच्या कानाला कातरा घालत होती. छोटा सुरा, शेजारी हळद आणि राख. कोकरू एकदा ओरडलं आणि सोडल्याबरोबर आईला लुचायला पळालं.

"मावशी, चला. खूण परत घाला."

"म्या न्हाई यायची. ज्यानं पुसली त्यानंच घालायची."

"मला येत नाही."

"म्हाईत हाय की." तिने शेजारची म्हातारी मेंढी ओढून माझ्यापुढे केली. "डोळे मिटा. आंगठा फिरवा कानावर."

हैदराबादेत मला चांगले चांगले गुरुजी लाभले, पण डोळे मिटायला लावून शिकवणारी ही एकच. लोकरीच्या खालचा तो ऊबदार कान, त्याची पातळ कड, आणि अचानक अंगठा घसरून पडतो ती जागा. दहा मेंढ्यांचे कान तिने मला चाचपायला लावले. मग राख पसरून त्यात बोटाने कान काढायला सांगितला. चार कान तिने पुसले. पाचव्याला म्हणाली, "हां." माझा हात थरथरत होता, ते बघून गालात हसली. "हात कापतोय का? बरं हाय. कापायलाच पायजे."

निघताना मी विचारलं, "आणि सोंडा? त्या पुन्हा आखूड करू?"

"छ्या. सोंड तुमची असू द्या, लई झाक हाय," मावशी म्हणाली. "कान तेवढा माझा."

संध्याकाळच्या आत मी दोन्ही हत्तींचे कान खरवडले आणि अंगठ्याला लागतील अशा खुणा कोरून घातल्या. आईने अंगठा फिरवून पाहिलं, मग टिळे लावले. वऱ्हाड आलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलंच, "मास्तर, कान असा का?" मी म्हणालो, "आमच्याकडचे हत्ती असेच असतात." वच्छी निघाली तेव्हा तिने एकीकडे आणि मी दुसरीकडे, असा दोघांनी कानाला हात लावला. रडारड झाली ती झालीच, पण तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पुढे ती दर पंचमीला यायची, आणि उंबऱ्याआधी हत्तीचा कान चाचपायची. मग एक साथीचं साल आलं. वरंगलहून पाच महिने पत्र नाही, तारेला उत्तर नाही. त्या वर्षी मेंढरांबरोबर निघताना मावशी हेच ऐकून गेली. वडील तहसिलीत जाऊन विचारून यायचे आणि नुसती मान हलवून जेवायला बसायचे. आई दारातून जाता-येता हत्तीच्या कानावरून हात फिरवायची. असं रोज चाललं होतं. आणि एका दुपारी बैलगाडीतून वच्छी उतरली. केस गळालेले, हाडं वर आलेली, पण बरोबर तिची दोन लेकरं आणि नवरा, धडधाकट. आई धावत बाहेर आली. वच्छीने तिला हाताने थांबवलं, आधी कानाला अंगठा लावला, आणि मग आईच्या गळ्यात पडली. मी हे दारामागे उभा राहून पाहिलं, कारण रडून माझं तोंड कुणाला दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

पुढल्या माघात मेंढरं आली, मावशी आली नाही. तिचा थोरला मुलगा घरी आला, दारातच टेकला. बालाघाटाच्या रानात, कोकरांच्या हंगामात ती गेली होती. तिचं नाव गिरजा, हेही मला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, "आई सारकी इचारत ऱ्हायची, पटवाऱ्याची पोर आली का म्हून. तेवढं इचारून ये म्हनालती."

"आली," मी म्हणालो. "सगळी आली."

त्याने मान हलवली. मग उठून भिंतीपाशी गेला, डोळे मिटून डाव्या हत्तीच्या कानावरून अंगठा फिरवला आणि कातऱ्यापाशी थांबला.

"ह्यो आईचा हात न्हाई."

"नाही. माझा आहे."

त्याने अंगठा पुन्हा एकदा, सावकाश फिरवला.

"चालतंय," तो म्हणाला. "मेंढरू हरवायचं न्हाई ह्याच्यावर."