विहीणबाईंच्या समोर पाळलेलं मौन

दुबईत अल क्वोजला आमचं गोदाम होतं. इंडोनेशियाहून सागवानी खुर्च्या-टेबलं आणायची आणि व्हिलावाल्यांना विकायची, हा आमच्या ह्यांचा धंदा. पुढच्या भागात छोटं शोरूम होतं, तिथं एक बालीची मुलगी गिऱ्हाइकं सांभाळायची आणि बोटीत खरचटलेल्या नक्षीवर रंगाचा हात फिरवायची. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शोरूमला एसी होता, गोदामाला नव्हता, त्यामुळे मी कायम शोरूममध्येच काम काढायचे.

एकदा चहा पिताना तिनं सांगितलं की ती धड बालीचीसुद्धा नाही. बालीसमोर समुद्रात नुसा पेनिडा म्हणून एक बेट आहे, तिथली ती. भाषा बालीचीच, पण बोली अगदी वेगळी. ‘मी’ला हे लोक ‘कोला’ म्हणतात, मोठ्या बालीत भलतंच काहीतरी. शिवाय मोठ्या बालीत माणूस बघून भाषा बदलावी लागते. सासरा जेवला तर एक शब्द, मित्र जेवला तर दुसरा, कुत्रा जेवला तर तिसरा. हिच्या बेटावर मात्र बहुतेक सगळे एकाच पंगतीला. त्यात यांचा आवाज मोठा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मोठ्या बालीतले लोक म्हणे यांना ऐकून हसतात.

मला हे ऐकून जो राग आला! कारण मी मालवणची, आणि पडले पुण्यात. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, छान बोलतेस हो, पण जरा हळू, आणि पाहुणे गेल्यावर. त्या चहापासून ही मुलगी माझीच झाली. आमचे हे म्हणाले, अगं, ती स्टाफ आहे. म्हटलं, असू दे.

तर या मुलीचं जमलं होतं. मुलगा मोठ्या बालीचा, दुबईत एका हॉटेलात केक-पेस्ट्री करायचा. स्वभावानं गरीब, बोलणं इतकं मऊ की त्याला कान लावून ऐकावं लागे. त्यानं आईला सांगितलं होतं, मुलगी आपल्या बालीचीच आहे. आता आई ऑगस्टमध्ये व्हिजिटवर येऊन बसली होती, आणि तिला मुलगी बघायची होती. ही बाई गावात पूजाअर्चेला बसणारी, भाषेच्या बाबतीत महाकडक. मोठी सून म्हणे एक शब्द चुकली तर दोन दिवस तिच्या हातचा चहा पीत नाही.

मुलगी माझ्यासमोर रडायलाच लागली. “मॅडम, मैं बोलूँगी तो शादी खलास.” मी म्हटलं, अगं, मग तुमची ती सरकारी इंडोनेशियन बोल. तर म्हणे, बालीची मुलगी सासूशी ती भाषा बोलली तर शिष्ट ठरते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मी दोन मिनिटं विचार केला आणि माझ्या डोक्यात असा काही प्लॅन आला की अजूनही मला त्याचा अभिमान आहे. म्हटलं, बोलायचंच नाही! श्रावण चालू आहे, शुक्रवारी कार्यक्रम आमच्या घरी ठेवू, आणि सांगू, मुलीचं मौनव्रत आहे. तुम्ही हिंदू, आम्ही हिंदू, कोण विचारतंय? एकदा पसंती झाली की मग काय बोलायचं ते बोल.

शुक्रवारी सुटीच होती. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळपासून बटाटवड्यांची तयारी केली, शिरा केला, मसालेभात केला. मुलीला माझी नारायणपेठ नेसवली. आमच्या लेकीला, ती तेव्हा दहा वर्षांची, बजावलं की आगाऊपणा करायचा नाही. ती म्हणाली, “ओके मम्मी, बट व्हॉट इज मौनव्रत?” म्हटलं, तुला जे कधी जमलं नाही ते.

विहीणबाई आल्या. मी स्वतःला मुलीकडची समजत होते, त्यामुळे त्या माझ्या विहीणबाईच. बारीक चणीच्या, कानात फुलं खोचलेल्या, ताठ. मुलगी खाली मान घालून बसली. मी मुलाला म्हटलं, तुझ्या आईला सांग, हिचं मौनव्रत आहे. त्यानं सांगायच्या आधीच विहीणबाईंनी तो शब्द पकडला. “मोना ब्रता?” म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलो! त्यांच्याकडेही हे व्रत आहे, अगदी याच नावाचं. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी ह्यांच्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

मग त्या उठल्या आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. वड्यांचं तेल तापत होतं. त्यांनी गॅस बंद केला.

मुलानं हळू आवाजात खुलासा केला. त्यांच्याकडे वर्षातून एक दिवस अख्खं बेट मौन पाळतं. त्या दिवशी चूल नाही, दिवा नाही, काम नाही, बाहेर पडणं नाही. आईचं म्हणणं, एवढी तरुण मुलगी परदेशात एकटीनं व्रत करते, तर आपण मोठ्यांनी तिला साथ द्यायला नको? आज आपण सगळेच पाळू. संध्याकाळपर्यंत. एवढं सांगून तोही गप्प झाला.

त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. टीव्ही बंद केला. पडदे ओढले. आणि मग, माझ्या डोळ्यांसमोर, एसी बंद केला. शारजात! ऑगस्टमध्ये!

मला कोणी सांगावं, बाई, गप्प बस, आणि मी बसावं, हे माझ्या माहेरी कोणाला खरं वाटणार नाही. पण बसले. घामाच्या धारा लागल्या. शिरा झाकलेला, वडे कच्चे, भात निवतोय, आणि आम्ही सहा माणसं अंधारात ओळीनं बसलेलो. आमच्या ह्यांनी लेकीच्या वहीचा पुठ्ठा घेऊन वारा घ्यायला सुरुवात केली, तर विहीणबाईंनी बोट हलवलं. ते काम झालं म्हणे. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीकडे बघायला लागले. लेक पुटपुटली, “धिस इज चाइल्ड अब्यूज.” मुलगी नारायणपेठेत शिजत होती. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझ्याविषयी काही चांगलं नव्हतं.

तासभर गेला असेल. विहीणबाईंची मान एका बाजूला झुकली. आधी वाटलं, ध्यान लागलं. मग त्या सोफ्यावरून हळूहळू खाली घसरायला लागल्या. आम्ही सगळे बघत राहिलो. मुलगासुद्धा. आईचं व्रत, मोडायचं कसं?

मुलगी ताडकन उठली. एका हातानं एसी लावला, दुसऱ्या हातानं पडदा ओढला, पाण्याची बाटली आणून विहीणबाईंच्या डोक्यावर ओतली, उरलेलं तोंडाला लावलं, आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा जो सुरू झाला! एका होडीवरून दुसऱ्या होडीवर हाक मारावी तसा आवाज. अस्सल त्यांच्या बेटावरची बोली. अर्थ मला नंतर कळला. म्हातारे, इथं मरायला आलीस का? पी! गिळ म्हणते ना! देवाला तुझं मढं हवंय का? आणि मग मुलाकडे वळून, तू काय बघत बसलायस, गाढवा?

विहीणबाईंनी डोळे उघडले. मुलीनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तिचा चेहरा पडला तो अजून आठवतो. कपाळावरची टिकली घामानं नाकापर्यंत आली होती. सगळं माझ्याच अकलेनं झालं, असं ह्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

विहीणबाई उठून बसल्या. केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “नुसा?” मुलीनं मान डोलावली. मग त्या मुलाशी बराच वेळ बोलल्या, हळू, मऊ, एकेक शब्द निवडून. मुलगा खाली बघत होता. माझ्यानं राहवेना. म्हटलं, काय म्हणतात सांग लवकर, नाहीतर मी इथंच आडवी होईन.

तो म्हणाला, “आई म्हणते, हिची भाषा आमच्या घरात चालणार नाही. फार वाईट बोलते.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भांडायला तोंड उघडलंच होतं.

“आई म्हणते, मी तुला लहानपणापासून इतकं शुद्ध बोलायला शिकवलं, आणि मी मरत होते तेव्हा तू आदरानं बसून राहिलास. हिला शिकवायला मला पुष्कळ वर्षं लागतील. म्हणून लग्न लवकर करा.”

मुलगी ऐकत राहिली. मग रडता रडता हसायला लागली आणि त्याच होडीवरच्या आवाजात विहीणबाईंना काहीतरी बोलली. मी मुलाला अर्थ विचारला. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, मॅडम, हे मी नाही सांगणार.

विहीणबाईंनी मात्र तिला शेजारी बसवून घेतलं आणि तेच वाक्य एकेक शब्द सुधारत पुन्हा म्हणायला लावलं.