साडेपाच ते सहा : खेळ

आमच्या घरात भिंतीवर वेळापत्रक लावलेलं होतं. अगदी शाळेत असतं तसंच, कारण ते लावणारे माझे आबा शाळामास्तर होते. मे महिन्याची सुट्टी लागली की त्यांना जास्तच जोर चढायचा. सकाळी टकळीवर सूत, मग हिंदीच्या परीक्षेचा धडा, दुपारी शिवण आणि उन्हं कलली की पेटीमास्तर. शेवटची ओळ असायची, ‘साडेपाच ते सहा : खेळ.’ पोरीच्या खेळाचीसुद्धा वेळ राखून ठेवणारा बाप तापीकाठी शोधून सापडणार नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मला तेव्हाही संताप यायचा. साडेपाचला खेळायला असतं कोण? गल्लीतल्या पोरी तेव्हा पाण्याला गेलेल्या, नाहीतर चुलीपुढे बसलेल्या. मी अंगणात एकटीच सागरगोट्यांसारख्या बिट्ट्या उडवत बसायची आणि आबा ओट्यावरून समाधानाने बघायचे.

त्याच सुट्टीत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यायची. आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात. निंबाच्या झाडांना झोके बांधतात आणि लेकीबाळी भरदुपारी गाणी म्हणत झोके घेतात. त्या दिवसांत त्यांना कोणी हाक मारत नाही, कामाला जुंपत नाही. बाईमाणसाला वर्षात मोकळे दिवस काय ते एवढेच. माझ्या वयाच्या पोरींची लग्नं ठरायला लागली होती. माझंही कुठे ना कुठे ठरणार होतंच. कुमारपणीची आखाजी आता फार उरली नाही, हे मला कळत होतं. म्हणून त्या वर्षी मला झोक्यावर जायचंच होतं.

शेजारची मैत्रीण दारात आली. “चाल ना वं, झोका बांधेल शे.”

मी उठायच्या आत आबाच बोलले, “ती येणार नाही. तिचे मास्तर यायचे आहेत.”

“एक दिन तं जाऊ द्या पोरले,” माय आतून म्हणाली.

“आखाजी काय, दरवर्षी येते. शिकायचं वय परत येत नाही.”

आबा घरातही पुस्तकी मराठी बोलत. त्या मराठीपुढे मायचं काही चालायचं नाही. मैत्रीण गेली. मी पेटी ओढली, सा रे ग म सुरू केलं. खिडकीतून पोरींची गाणी ऐकू येत होती. ताल चुकतो म्हणून पेटीमास्तरांनी बोटांवर पट्टी मारली. ताल चुकणारच होता.

पुढच्या आखाजीच्या आत माझं लग्न उरकलं. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे आबांनी मला मुद्दाम पेटी वाजवायला लावली. पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि सासूबाई नंतर म्हणाल्या, “आमना घर पेटी कोन वाजाडस?” सासरी कापूस होता, केळी होती, गोठाभर म्हशी होत्या. एवढ्या वर्षांच्या शिकवणीतलं तिथे कामी आलं ते फक्त शिवण, तेही फाटक्या गोधड्यांना.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आबा स्वतः गाडी जुंपून मला न्यायला आले. घरी पोचले तर दारातल्या निंबाला नव्या दोराचा झोका. आबांनीच बांधला होता. पाट पुसून त्यांनी दोर धरून ठेवला. “बस. आता दिवसभर खेळ. आता तुला कोणी अडवणार नाही.”

मी पुढे झाले तशी माय चुलीपासून धावत आली. “बसू नको वं! पोटुशी शे तू.”

आबांना हे ठाऊक नव्हतं. बापाला अशा गोष्टी कोण सांगतं? ते गोंधळले, दोर तसाच धरून उभे राहिले आणि म्हणाले, “बरं, मग पुढच्या आखाजीला बस.”

मी बाजूला झाले. गल्लीतल्या पोरी धावत आल्या आणि त्या झोक्यावर बसल्या. मला त्यांचा हेवा वाटला. आबांचा जो राग आला, तो आबा गेले तरी गेलेला नाही.