शिट्टीच्या आधीचा आवाज

दार्जिलिंगहून यांच्या सोबत गेलेल्या सुभाषभावजींचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "वैनी, वसंता गेला," म्हणाले, आणि रडता रडताच पुढे, "हार्टनं गेला, पर इंजनाच्या पुढ्यातच गेला बघा, आवडीच्या जागी. असलं मरण न्हाय मिळत कुणाला." त्याला आता महिना उलटला. तेव्हापासून जो भेटायला येतो तो हेच ऐकवतो. माझ्या नवऱ्याची आवडती जागा घर नव्हती, हे शाहूपुरीत माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पिऊन लोक मला सांगतात... आणि वर मी मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा असते.

शोकसभेत यांना 'आनंदयात्री' म्हटलं. आनंद यांचा, यात्रा यांची, मागे घर ओढायला मी. डोंगरात कुठे वाफेचं जुनं इंजिन अजून धावतंय असं कळलं की हे बॅग भरायचे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, लेकाची दहावी, गडहिंग्लजला माझ्या भावाचं लग्न, यांतल्या एकाही वेळी हे जागेवर नव्हते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हे जिवंत होते तेव्हाही मी बोलतच होते. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून आता लिहिते.

एकदाच मला सोबत नेलं. निवृत्तीनंतर, उटीला. मी हरखले, खोटं कशाला सांगू? नवी साडी घेतली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. घाटाच्या गाडीत यांनी मला खिडकीशी बसवलं, बॅगा वर टाकल्या आणि स्वतः खाली उतरले.

"आणि तुम्ही?"

"मी जीपनं येतो की. आत बसल्यावर इंजन दिसतंय व्हय?"

या रेल्वेवेड्या मंडळींची ही रीतच आहे. गाडीत बायकोला बसवायचं आणि आपण रस्त्यानं गाडीचा पाठलाग करायचा. तिकिटं दोन काढली होती, तीही मला भुलवायलाच. पायथ्याच्या एका स्टेशनावर इंजिन पाणी भरायला थांबलं, तर हे आधीच येऊन रेकॉर्डर धरून उभे. मी खिडकीतून हाक मारली, "अहो, जागा धरलीया तुमची, या की आत!" यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शूऽऽ." मग शिट्टी वाजली. पुढचा सगळा घाट मी त्यांच्या रिकाम्या जागेवर दशम्यांचा डबा ठेवून चढले. डबा उघडायची इच्छाच झाली नाही.

गेल्या रविवारी भावजी लॅपटॉप घेऊन आले. यांनी टिपलेले इंजिनांचे आवाज एकत्र करून सगळ्या रेल्वेवेड्यांना ऐकवायचा त्यांचा बेत आहे. त्यात उटीची शिट्टी सगळ्यांत सरस म्हणे. त्यांनी ती लावली. आधी माझी हाक, मग "शूऽऽ", मग शिट्टी.

"वैनी, सुरवातीचं तेवढं बोलणं काढून टाकतो," भावजी म्हणाले. "शिट्टी कशी खणखणीत ऐकू येईल."

मी विचारलं, "यांचा आवाज आणि कशात हाय?"

भावजींनी बराच वेळ शोधलं. कशातच नव्हता. इंजिनाचा आवाज टिपताना हा माणूस श्वाससुद्धा रोखून धरायचा. एवढा सगळा पसारा मागे ठेवलाय, आणि त्यात यांचा स्वतःचा आवाज तेवढाच, मला गप्प करतानाचा. मला इतका संताप आला... आणि रडूही.

"ऐकवायचं तर माझ्या हाकंसकट ऐकवा," मी म्हणाले. "न्हायतर शिट्टीबी न्हाय."

"लोक हसतील ओ वैनी."

"हसूद्यात की."

भावजी चहा अर्धा टाकून गेले. जाण्याआधी ते रेकॉर्डिंग मी माझ्या मोबाइलवर घेतलं. दुपारी घरात कुणी नसलं की लावते. माझी हाक येते, यांचं "शूऽऽ" येतं, आणि शिट्टी वाजायच्या आत मी बंद करते. मग पुन्हा पहिल्यापासून लावते.