दोनाडकर सरांचा बर्फ

कुणाचीही बॅग दिसली की दोनाडकर सर ती उलटी करत. विचारणं नाही, काही नाही. तळाला धरायची आणि मैदानाच्या मधोमध सगळं सामान ओतायचं. मग चपलेच्या टोकानं एकेक वस्तू बाजूला सारत म्हणायचे, "हे कोणाच्या मायनं देल्लं बे?" आसपास पोरी असल्या तर आवाज आणखी चढायचा. ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात ते कवायत आणि खेळ शिकवत. त्याआधी बरीच वर्षं फौजेत, बर्फाच्या सरहद्दीवर होते. ते गेले तेव्हा शोकसभेत सगळ्यांनी "शिस्तप्रिय, शिस्तप्रिय" असा जप लावला. मी मागच्या बाकावर दातओठ खात बसलो होतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन एखाद-दोन वर्षंच झाली असतील. त्या हिवाळ्यात मनालीच्या वर बर्फावर घसरायला शिकवणाऱ्या एका शिबिरात आमच्या कॉलेजला दोन जागा मिळाल्या. स्की हा शब्दच आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पायाला फळ्या बांधून डोंगरावरून खाली यायचं, हे कळल्यावर आई म्हणाली, "काऊन? सरळ चालता नाई येत तुले?" इच्छुक आम्ही तिघं होतो. मी, दिलीप आणि धानोऱ्याकडचा सोमा. सोमाचा बाप जंगलात हिरडा, चारोळी गोळा करायचा. सोमा दहावीपर्यंत अनवाणी चालला होता. त्याचा पंजा इतका पसरट होता की बाजारातला कुठलाही बूट त्याला अरुंदच पडायचा. त्याला फौजेत जायचं होतं. दुसरं काही नको होतं. सर त्याला म्हणाले होते, "हा कोर्स करून ये. भरतीच्या सायबापाशी मी सोता तुले घेऊन जातो." त्या दिवसापासून सोमा सरांच्या सावलीत चालायला लागला.

तयारीच्या पहिल्याच दिवशी सरांनी आमच्या बॅगा ओतल्या. माझ्या बॅगेतून माजरीच्या खाणीतल्या मामानं दिलेले जाड बूट निघाले. मला वाटलं, आता तरी शाबासकी. सरांनी बुटाचं नाक दगडावर आपटलं, टणकन आवाज आला. "आत लोखंड आहे, बे लेका. बर्फात लोखंड पायाशी बांधून चालला? पायाची कुल्फी कराची आहे का?" आईनं शिवलेल्या चार सुती बंड्या त्यांनी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवल्या. "सुती कापड घामानं भिजते आन् भिजलं का वाळत नाई. बर्फात सुती म्हणजे कफन. मायले सांगजो, कफन घरीच ठेव म्हणून." सोमाच्या गाठोड्यात त्याच्या आईचं जुनं लुगडं होतं, पांघरायला, आणि भाजलेली मोहफुलं. सरांनी लुगडं उचलून सोमाच्याच डोक्यावर टाकलं. "घ्या, नवरी आली!" सगळं मैदान हसलं. सोमानं ते काढलं, घडी घातली, बाजूला ठेवलं. त्याच्या तोंडाकडे बघून सर एकदम खूष झाले. "पाहा, हा पोट्टा बोलते का काही? हा आहे खरा जवान."

खोटं कशाला बोलू, कपड्यांचं ज्ञान त्या माणसाला पक्कं होतं. चंद्रपूरला हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसतात, तिथे त्यांनी आम्हाला नेलं आणि घासाघीस करून लोकरीच्या बंड्या घेऊन दिल्या. आधी अंगालगत पातळ लोकर, तिच्यावर जाड स्वेटर, सगळ्यांत वर वारा अडवणारं कापड. ते कापड काही मिळेना, तर गावातल्या रहीमचाचांकडून रेनकोटच्या कापडाचे झगे शिवून घेतले. चाचा म्हणाले, "सरजी, ये बच्चे है के छतरी?" पायात एक पातळ आणि एक जाड मोजा, बस्स. तीन-तीन मोजे घातलेले दिसले तर कानाखाली बसायची. "बुटात बोटं हलली पाह्यजे. हलली तर पाय जिवंत, नाई तर लाकूड." ओठांना आणि गालांना टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. डोळ्यांना काळा चष्मा. यातलं एकही पुढे चुकीचं ठरलं नाही.

पण त्यांना नुसते कपडे शिकवायचे नव्हते. एका सकाळी त्यांनी मासळीवाल्याकडून बर्फाची लादी आणवली, धानाच्या कोंड्यात गुंडाळलेली. कोंडा झटकला, मैदानात ठेवली आणि आम्हा तिघांना ओल्या मोज्यांनी तिच्यावर उभं केलं. "थंडी हा शब्द ज्याच्या तोंडातून निंघन, तो घरी." थोड्या वेळात पाय आधी चावल्यासारखे झाले, मग जळल्यासारखे, मग आपले राहिले नाहीत. दिलीप रडायला लागला. "सर, थंडी वाजते हो." सरांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं, एका पोरीच्या अंगावरची शाल मागून घेतली आणि त्याला पांघरली. "जा बाई, घरी जा. चुलीपाशी बस." दिलीप पुढे कित्येक दिवस कॉलेजात आला नाही. जाणारे दोघं ठरले. निघायच्या दिवशी एसटीच्या खिडकीशी उभं राहून सर म्हणाले, "तिथीबी हाच कायदा आहे. जो रडला, त्याले दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवून देतात. माझं नाक कापू नका." आम्ही माना डोलावल्या.

बर्फ बघितल्यावर मी वेड्यासारखा नाचलो. सोमा नाचला नाही, वाकून त्यानं तो मुठीत घेतला आणि खाऊन बघितला. घसरण्याचे बूट शिबिराचेच असत. रांगेत उभं राहायचं आणि आकडा सांगायचा. सोमाच्या पायाला त्यांनी जो बूट दिला तो लांबीला बरोबर होता, रुंदीला नव्हता. त्यानं दात दाबून पाय आत कोंबला आणि खटके लावले. मी विचारलं, "बोटं हलून राह्यली ना?" तो म्हणाला, "हालते." घसरण्यात तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. शिकवणारा पहाडी माणूस त्याच्यावर फिदा झाला. संध्याकाळी मात्र सोमा मुक्कामाच्या खोलीत सगळ्यांच्या आधी शिरायचा.

आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत माणसं दिवसभर चिखलात उभी राहतात. पाय पांढरेफटक, बधिर होतात. घरी आलं की कुणी ब्र काढत नाही, चुलीपुढे तळवे धरायचे, हळूहळू पाय परत येतात. सोमानं तेच केलं. खोलीत पत्र्याची बंद शेगडी होती. एका संध्याकाळी तो तिच्याशी तळवे टेकवून बसला होता, तोंडावर काही नाही, शांत. मला आधी वास आला, करपल्याचा. मला वाटलं कुणाचा मोजा जळतोय. बघतो तर सोमाचं कातडं. पाय इतके गारठून मेले होते की भाजलेलंही त्याला कळत नव्हतं. मी ओरडलो तेव्हा त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोंबलू नोको. मले घरी धाडतीन."

तिथल्या डॉक्टरनं उजव्या पायाची अंगठ्यासकट बोटं काढली. फौज संपली.

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर सर आले होते. सोमा कुबडी टेकत उतरला. सरांनी त्याच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं, मग मला विचारलं, "तोंडातून एक शब्द नाई काढला?" मी म्हणालो, "नाही." सरांची छाती फुगली हो! डोळ्यांत पाणी आलं. भर स्टँडवर त्यांनी सोमाला मिठी मारली, "वाह रे वाघा." सोमा कुबडीवर लटकून हसत होता. माझ्या हातात त्या वेळी काही जड वस्तू नव्हती हे सरांचं नशीब.

सरांनी त्याला टाकलं नाही, हेही सांगतो. खटपट करून त्याला मैदानावर रोजंदारीचा शिपाई म्हणून लावलं. जाळी बांधणं, चुना मारणं. मीही तोवर कॉलेजच्या ऑफिसात कारकून झालो होतो, खिडकीतून मला मैदान दिसे. दर हिवाळ्यात शिबिराला जाणारी नवी पोरं सर मातीत बसवायचे, बॅगा ओतायचे, लोकर-मोज्याचं सगळं सांगायचे. शेवटी हाक मारायचे, "सोम्या, बूट काढ." सोमा यायचा, खाली बसून बूट काढायचा, पाय पुढे करायचा. "पाहा. बोटं गेली, पण आवाज नाई केला." सोमा बूट घालून परत चुना मारायला जायचा.

एका वर्षी पहिल्यांदाच एक पोरगी निवडली गेली, सुनीता, दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुलगी. तिनं पाय नीट निरखला आणि सरांना सोडून सोमालाच विचारलं, "भाऊ, दुखलं नाई का?"

"नाई," सर म्हणाले.

"तवा नाई दुखलं बाई," सोमा म्हणाला, "मंग लय दुखलं. अजूनबी दुखते."

"थंडी वाजली तर सांगायचं का?"

"नाई!" सर ओरडले.

"सांगजो," सोमा म्हणाला.

सरांनी त्याला बूटही घालू दिला नाही. हात पुढे केला. "किल्ली ठेव आन् चालता हो. नामर्द कुठला." सोमानं सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. दुपारच्या जीपनं तो धानोऱ्याला गेला. मी प्राचार्यांकडे गेलो, भांडलो, पण रोजंदारीच्या माणसासाठी कोण भांडण मोल घेतं?

सुनीता जाऊन आली, प्रशस्तिपत्र घेऊन, धडधाकट. मी तिला ऑफिसात बसवून सगळं विचारलं. तिलाही तिथले बूट आवळत होते, पाय बधिर झाले. तिनं शिकवणाऱ्यांना सांगितलं. त्यांनी कोमट पाण्यात पाय बुडवायला लावले, बूट बदलून दिले आणि एक दिवस विश्रांती दिली. घरी कुणालाच पाठवलं नाही. असा कायदा तिथे कधीच नव्हता, शिकवणारे हसले म्हणे. सरांना हे तिनं तोंडावर सांगितलं तर ते म्हणाले, "आता तिथी सगळे नरम लोक भरले."

मी धानोऱ्याला गेलो. सोमा अंगणात हिरडा वाळत घालत होता. त्याच्या आईनं पाणी दिलं. नोकरीबद्दल त्यानं विचारलं नाही, सरांची तब्येत विचारली. मी त्याला सुनीताचं सगळं सांगितलं. तो हिरडा पसरवता पसरवता थांबला.

"बूट बदलून भेटत व्हते?"

"हो."

"नुसते मागून घ्याचे व्हते?"

"हो, सोमा."