आंगावर खूण नको

शाळेच्या मैदानातून नाचणगावला घरी निघाले की आधी आमच्या मळ्यातली विहीर लागायची. तिथे बाभळीआड थांबून मी परकर वर करायची आणि दोन्ही टोंगळे, म्हणजे गुडघे, निरखायची. कुठे खरचटलंय का, कुठे काळंनिळं झालंय का. थुंकी लावून माती पुसायची आणि मगच घरात पाऊल टाकायची.

छप्पन साल सरलं होतं, आमचा जिल्हा नुकताच नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला होता. पुलगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत एक नव्या बाई आल्या होत्या, कलकत्त्याकडच्या. त्यांचे यजमान पुलगावच्याच लष्करी छावणीत नोकरीला होते. बाईंचं मराठी ऐकून आम्ही तोंड लपवून हसायचो. पण एक दिवस त्यांनी टेबलावर कातड्याचा बॉल ठेवला आणि कोण खेळणार म्हणून विचारलं, तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. माझा हात कधी वर गेला ते मलाच कळलं नाही. मुलींनी फुटबॉल खेळलेला त्या भागात कुणी पाहिला नव्हता. बाजारात बायका एकमेकींना विचारायच्या, या पोट्ट्या शाळेत लाथा माराले जातात का?

बाबांची परवानगी काढायला बाई स्वतः घरी आल्या. बाबा मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. दारात आलेल्या मास्तरणीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, पण होही धड म्हणाले नाहीत.

"खेळू द्या तुमच्याजवळ," ते म्हणाले. "पण पोरीच्या आंगावर एक खूण दिसली का त्या दिवशी शाळा बंद. मंग मी कोणाचंच ऐकणार नाई."

हे बोलताना त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याचा उजवा पाय लहानपणी मोडून वाकडा बसला होता. बैलबंडीतून पडली, एवढंच आम्हाला माहीत. तिला बघायला पाहुणे येत, ती चहा घेऊन बाहेर येई, आणि तिची चाल बघून पाहुणे अर्ध्या चहावर उठत. हे बाबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. शेवटी ती भावाच्या घरीच राहिली. माझी आई मी रांगत असतानाच गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते आत्यानं. आणि माझं अंग रोज तपासायचं कामही बाबांनी तिच्याकडेच दिलं.

मागच्या दारी दगडावर उभं करून ती माझ्या पायांवर पाणी घालायची आणि अंगठ्यानं नडगी दाबत वर यायची.

"हे काय होय?"

"पऱ्हाटीची खुंटी लागली."

ती "हं" म्हणायची. पऱ्हाटीवरचा कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी आमची बोटं रक्ताळून निघत, त्याचं कुणाला काही नव्हतं. कामाची खूण चालायची, खेळाची चालत नव्हती. याचा मला असा संताप यायचा की तोंडातली भाकरी गोड लागायची नाही. पण बोलणार कुणाला? त्याच फरकाच्या आड लपून मी तगून होते. आत्याला खरं कळतं की नाही, याचा अंदाज मला कधीच आला नाही. तिच्या अंगठ्याची मला जेवढी धास्ती वाटायची, तेवढी हेडमास्तरांच्या छडीचीही वाटली नाही.

म्हणून मी बाईंना म्हटलं, मला गोल अडवायला उभं करा. बाकीच्या धावतात म्हणून पडतात, एका जागी उभी राहील तिला काय होणार, अशी माझी अक्कल. बाईंनी उभं केलं.

पहिलं वर्ष आम्ही आपसातच खेळलो, कारण खेळायला दुसरं कुणी नव्हतंच. अर्ध्या मुली दंडाला लाल चिंधी बांधायच्या, अर्ध्या तशाच. मग बाईंनी आर्वीच्या एका शिक्षिकेला पटवलं, तिनं तिकडे अकरा मुली उभ्या केल्या आणि आम्हाला बोलावणं आलं. मी बाबांना सांगितलं, शाळेची सहल आहे. आत्यानं भाकरी बांधून दिली.

पुलगावहून आर्वीला छोटी आगगाडी जायची. इतर मुली खिडकीतून हात काढून पऱ्हाट्या पकडू बघत होत्या, आणि मी आपली बसले होते देवाला हात जोडून. आर्वीच्या मैदानाभोवती ही गर्दी. अख्खा बाजार उठून आला होता. परकराचे काचे मारून आम्ही मैदानात उतरलो तशा शिट्ट्या सुरू झाल्या. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "यायच्या बापाले कोणी सांगा रे." तो आमच्या बाबांना ओळखत असेल का, हाच विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला. समोर खेळ चालला होता आणि मी गर्दीतले फेटे, टोप्या न्याहाळत होते.

म्हणून बॉल मला उशिरा दिसला. मी डोळे मिटून हात वर केले आणि तो फटकन तोंडावर बसला. मागे गोलाचा बांबू होता, त्याच्यावर तोंड आपटलं. बॉल आत गेला नव्हता. मुली आनंदानं ओरडत मला येऊन बिलगल्या, आणि मी जिभेनं चाचपून पाहिलं तर पुढचा दात अर्धा नव्हता.

दुखलं असेलच, पण ते आठवत नाही. आठवते ती भीती. टोंगळा परकरात झाकता येतो, दात कुठे झाकणार? परतीच्या गाडीत बाईंनी ओला रुमाल माझ्या ओठाला धरून ठेवला. "मी तोमार बाबाशी बोलते," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. नका येऊ, म्हटलं. त्या आल्या असत्या तर काहीच लपलं नसतं. सगळी वाट मी खोटं जुळवत होते. पण पऱ्हाटीची खुंटी दातापर्यंत काही पोचत नव्हती.

आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. तेवढ्यात वावरातून बंडी आली आणि बाबा खाली उतरले.

"काय झालं तोंडाले?"

आत्या म्हणाली, "माह्या हातून झालं. घागर उतरवताना हात निसटला, तिच्या तोंडावर आली."

बाबांनी माझी हनुवटी धरून दात पाहिला. मग ते आत्यावर असे कडाडले की बैल बिचकले. "पोरीचा जन्म खराब केला तू. एक घागर धरता येत नाई तुले. उद्याच धाकट्याकडे चालली जायजो समुद्रपूरले. मले तू घरात नको."

समुद्रपूरच्या काकूकडे आत्याचे काय हाल होत ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यानं मान खाली घातली आणि निमूट सूप उचललं. ती खरंच जाणार होती, माझ्यासाठी. ते पाहून मला शाळा बंद होण्याहून मोठी भीती वाटली.

"बाबा, ते खोटं आहे," मी म्हटलं. "आर्वीले खेळताना बॉल लागला. सहल नव्हती. आत्याचा काईच दोष नाई."

मी हनुवटी छातीशी ओढून मार खायला उभी राहिले. बाबांचा हात उठला नाही. ते आत्याकडे वळले.

"तू काऊन खोटं बोलली?"

"तू दर खेपी माह्या पायाचं नाव घेऊन पोरीले अडवून राह्यला म्हून." आत्याचा आवाज चढला नव्हता. "मी काय खेळताना पडली होती का रे? बंडीत बसली होती, मायनं सांगतलं तशी गुपचूप. बैल उधळले तवा माय वरडली, पोरीच्या जातीनं उडी मारायची नाई, धरून बस. मी धरून बसली. अन् बंडी आंगावर आली. तूही होता ना बंडीत. तू उडी मारली."

बाबांनी बैल सोडले, गोठ्यात बांधले आणि न जेवता पडून राहिले.

सकाळी मी दप्तर घेऊन अंगणात उभी राहिले. जाऊ की नको? विचारायचं धाडस नव्हतं. ओठ सुजून टम्म झाला होता. बाबा बंडीत वांग्यांची पोती चढवत होते. माझ्याकडे पाठ ठेवूनच ते म्हणाले, "उशीर नाई होऊन राह्यला का तुले?"