सुया उकळण्याची वही

स्पिरिटचा वास आला की ऐंशीच्या सुमाराचा तुमसरकडचा एक लहान दवाखाना आठवतो. मी शिकाऊ डॉक्टर होतो आणि सुया पुरेसा वेळ उकळतात का, याची मिनिटवार वही ठेवत होतो. मोठ्या डॉक्टरांनी ती तपासली नाही तर कोणीच मनावर घेणार नव्हतं, आणि ते म्हणायचे, ‘‘हे मले नको दाखवू, भाऊ.’’ एकदा त्यांच्याच पायात गंजका खिळा घुसला. इंजेक्शन बघताच त्यांनी विचारलं, ‘‘सुई किती वेळ उकळली?’’ सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘‘कोनाले मालूम, साहेब? वही तं तुम्ही पाहूनच नाही राहिले.’’ ते लंगडत स्टोव्हपाशी गेले आणि वीस मिनिटं घड्याळ धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते चहाच्या आधी वही मागू लागले. आता शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे वह्या आणतात; टाळावंसं वाटलं की मी आधी स्वतःच्या पायांकडे बघतो.