चार पायऱ्यांची चिठ्ठी

अप्पांची दृष्टी पूर्ण गेली त्या वर्षी मी आमच्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, रविवारचा मराठी वर्ग सुरू केला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, तमिळमधून. अप्पांनी आयुष्यभर जुने मराठी कागद वाचून त्यांच्या नकला करण्याचं काम केलं होतं. डोळ्यांत काचबिंदू झाला आणि ते काम सुटलं. घरात बसून ते एकच गोष्ट बोलत: "तुझ्यामागं ह्या गल्लीत हे अक्षर कोण वाचणार?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. तंजावुरातल्या आमच्या गल्ल्यांत घरोघर मराठी बोलत, पण लिहायचं ते तमिळमध्ये. लग्नपत्रिकासुद्धा.

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. दोन महिन्यांनी पाच उरली. आयांना मी दोष देत नाही. साठच्या दशकाचा मध्य होता, हिंदीच्या सक्तीवरून गावात मोर्चे निघून गेले होते आणि भिंतीवर देवनागरी अक्षर दिसलं तरी लोक थांबून बघत. "हे हिंदी नव्हे" असं किती जणांना सांगत फिरणार? एका आईनं मला तोंडावर विचारलं, "हे शिकून पोरीला नोकरी मिळेल काय?"

त्या पाचांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील रेल्वेत, नोकरी तिरुच्चीला. घरी ती आणि आई दोघीच. इतर मुलं अक्षरं पाठ करत, ही वाचायची. बोटानं शब्द धरून, ओठ हलवत, आणि अर्थ लागला की मान वर करून अप्पांकडे बघायची. अप्पांना दिसत नव्हतं, तरी ते त्याच क्षणी म्हणत, "लागला ना?" हे त्यांना कसं कळे, मला ठाऊक नाही.

पाचांची चार झाली तर वर्ग मोडणार हे मला दिसत होतं. रात्री झोप लागेना. मग सुचलं की खजिना हुडकण्याचा खेळ ठेवावा. गल्लीत ठिकठिकाणी चिठ्ठ्या लपवायच्या, प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या जागेची खूण, आणि शेवटी एक डबा. वाचल्याशिवाय डबा मिळणार नाही. मी हे अप्पांना सांगितलं आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. चिठ्ठ्यांचा मजकूर तेच सांगणार म्हणाले. गल्ली त्यांच्या डोक्यात होतीच.

तीन दिवस ते सांगत होते आणि मी लिहीत होते. सहा चिठ्ठ्या झाल्या. चौथी अशी होती: "जिथं ऊन शिरत नाही, पाणी साठत नाही, तिथं चार पायऱ्या उतर. डाव्या हाताला चाचपून पाहा." गल्लीच्या टोकाला एक कोरडं पडलेलं तळं होतं, त्याच्या काठच्या मंडपाला चार पायऱ्या होत्या. मी विचारलं, "तळ्याचा मंडप ना?" अप्पा हो म्हणाले. मी पाचवी चिठ्ठी मंडपाच्या कोनाड्यात ठेवून आले. शाळेतल्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, म्हणून चिठ्ठीतले शब्द पुन्हा वाचून पाहिले नाहीत. मंडपात संध्याकाळचं ऊन चांगलं शिरतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी तीन वाजता खेळ सुरू झाला. पाच मुलं. दोघादोघांच्या जोड्या केल्या, ती वाचणारी मुलगी उरली. ती म्हणाली, "अक्का, मी एकटीच?"

"तू सगळ्यांत चांगली वाचतेस," मी म्हटलं. "तुला जोडीदार कशाला?"

हे वाक्य मी पुढं किती वेळा आठवलं असेल!

सव्वाचारला चार मुलं डबा घेऊन ओरडत परत आली. डब्यात गूळखोबऱ्याच्या गोळ्या आणि रंगीत पेन्सिली होत्या. ती त्यांच्यात नव्हती. मी विचारलं तर एक मुलगा म्हणाला, "ती चौथी चिठ्ठी वाचत उभी होती. आम्ही पुरतं वाचलं नाही, 'पायऱ्या' एवढा शब्द दिसला म्हणून तळ्याकडं पळालो." म्हणजे ज्यांनी पुरतं वाचलं नाही त्यांना खजिना मिळाला होता.

अजून हुडकत असेल, येईल, असं म्हणून मी पंधरा मिनिटं काढली. मग तळ्यावर गेले. मंडप रिकामा. देवळात विचारलं, किराणावाल्याकडं विचारलं, गल्लीतल्या प्रत्येक दारात डोकावले. पाच वाजून गेले. हाका मारून माझा आवाज चिरकायला लागला.

तिच्या आईला सांगायला जाणं भाग होतं. ती दारात कोलमसाठी, म्हणजे रांगोळीसाठी, अंगण झाडत होती. मी काय बोलले ते आठवत नाही. तिनं झाडणी खाली टाकली आणि डोक्यावर पदरही न घेता रस्त्यावर धावली. अर्ध्या गल्लीत थांबून माझ्याकडं वळली.

"तुमच्या अक्षरांपायी माझी लेक घालवलीत," ती म्हणाली. ओरडली नाही, हळूच बोलली.

कुणीतरी सांगितलं, हिरवा पावाडा, म्हणजे घोळदार परकर, नेसलेली एक मुलगी कालव्याकडं जाताना दिसली. हिच्या अंगावर हिरवाच पावाडा होता. मी धावले. कुरुवै म्हणजे पहिल्या भातपिकासाठी पाणी सोडलेलं होतं, कालवा काठोकाठ भरून वाहत होता. धुणं धुवायच्या दगडापाशी एक कागद पाण्याला लागून डोलत होता. मी साडीसकट कमरेइतक्या पाण्यात उतरले. कागद हातात आला तेव्हा त्यावर तमिळ छापील अक्षरं होती, कसल्यातरी पुड्याची. तरीही मी बाहेर आले नाही. पायानं तळ चाचपत पुढं पुढं सरकत राहिले. पायाला काही मऊ लागलं की जीव जाई, ते शेवाळ निघे. मनात एकच चाललं होतं की तिला घेऊनच वर यायचं, नाहीतर यायचंच नाही. काठावरून एक बैलगाडीवाला ओरडला, "अम्मा, ती हिरवी पोरगी परटाची! ती बघा, तिकडं कपडे वाळत घालतेय!"

मी वर आले. ही कालव्यात गेली नाही याचा आनंद व्हायला हवा होता. पण मग ती होती कुठं?

घरी आले तर अप्पा तिण्णैवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"चौथी चिठ्ठी वाच," ते म्हणाले.

माझ्याकडे चिठ्ठ्यांचा कच्चा कागद होता. ओल्या हातांनी धरून मी वाचला. ऊन शिरत नाही, पाणी साठत नाही, चार पायऱ्या.

अप्पा म्हणाले, "गेल्या रविवारी तू आत कॉफी करत होतीस. तेव्हा मी पोरांना एक गोष्ट सांगितली. लहानपणी मी भाताच्या जुन्या कोठाराखाली, तळघरात लपत असे. तिथं ऊन नाही, पाणी नाही, असंच म्हटलं होतं मी. हेच शब्द. बाकीची पोरं दंगा करत होती. ती एकटी ऐकत होती. चिठ्ठी मंडपाची सांगताना माझ्या तोंडी तिथलेच शब्द आले."

ते कोठार गल्लीच्या मागं होतं. आता त्यात एक व्यापारी काथ्याचे दोर ठेवी आणि रविवारी कुलूप असे.

"चल," अप्पा म्हणाले आणि उठले. काठीसुद्धा घेतली नाही. एक हात भिंतीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. वर्षभर ते अंगणाबाहेर गेले नव्हते. मला धावत सुटावंसं वाटत होतं, पण तळघराचं दार कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक होतं. शेजारचे दोघे पहार घेऊन आमच्यामागं आले, आणि तिची आई.

कुलूप तोडायला वेळ गेला. मागच्या भिंतीला एक भगदाड होतं, नऊ वर्षांचं मूल शिरेल एवढं. त्याच्या कडेला हिरव्या कापडाची चिंधी अडकलेली मला दिसली. मी ती कुणाला दाखवली नाही.

आत काळोख होता आणि काथ्याचा दमट वास. अप्पा माझा खांदा सोडून पुढं झाले. कुणीतरी म्हणालं, "थांबा, दिवा आणतो." ते म्हणाले, "मज दिवा कशाला?" डावीकडची भिंत चाचपत ते खाली उतरले. एक, दोन, तीन, चार. खाली ठेंगणं दार होतं. बिजागरी खचून ते आपटून मिटलं होतं आणि उंबऱ्यात रुतलं होतं. आतून लहान मुलानं ढकलून ते हलणार नव्हतं.

अप्पांनी दारावर थाप मारली आणि तिचं नाव घेतलं. काही नाही. पुन्हा मारली. तिची आई माझा दंड धरून उभी होती. तिची नखं रुतत होती, आणि तिनं आणखी जोरात धरावं असं मला वाटत होतं.

मग आतून खरवडल्यासारखा आवाज आला.

पहारीनं दार उचकटलं. ती दाराला पाठ लावून बसलेली होती, ती मागंच कोसळली अप्पांच्या पायांवर. तोंड धुळीनं माखलेलं, बोटांतून रक्त येत होतं. ओरडून ओरडून घसा बसला होता. मी जवळ वाकले तेव्हा ती कुजबुजली, "अक्का, चिठ्ठी येथं नव्हती. मी सगळं चाचपलं."

तिच्या आईनं तिला उचललं आणि कुणाकडंही न बघता घेऊन गेली.

तिला सहा दिवस ताप होता. मी रोज त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत येई. सातव्या दिवशी अप्पा म्हणाले, मलाही घेऊन चल. दारात उभे राहून त्यांनी हात जोडले, त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या बाईला. म्हणाले, "चूक माझी. पोरीनं बरोबर वाचलं."

ती म्हणाली, "अप्पा, तुम्हीच तिला हुडकलात, मी विसरणार नाही. पण पुन्हा बोलावू नका." आतून मुलीच्या खोकल्याचा आवाज येत होता. आम्ही परत आलो. वाटेत अप्पांनी दोनदा विचारलं, "आवाज बरा वाटला ना?" मी हो म्हटलं. बरा नव्हता.

वर्ग बंद झाला. बाकीच्या चौघांच्या आयांनीही निरोप पाठवले. पुढच्या उन्हाळ्यात त्या मायलेकींचं बिऱ्हाड तिरुच्चीला गेलं. अप्पांनी नंतर अक्षरांबद्दल बोलणं सोडलं. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसले की म्हणत, "तमिळच वाच."

दोन वर्षांनी आमच्या शाळेच्या मुलींचं शिबिर नदीकाठच्या एका खेड्यात भरलं. मुख्याध्यापिकाबाईंनी खजिना हुडकण्याचा खेळ माझ्याकडं दिला. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून शेवटी घ्यावा लागला. ह्या वेळी मी चिठ्ठ्या तमिळमध्ये लिहिल्या, झाडांची, पाटांची, मातीची नावं घालून. प्रत्येक चिठ्ठी हातात धरून, जणू ती मला पहिल्यांदाच मिळाली आहे अशी वाचत, सगळी वाट दोनदा चालले. जिथं शब्द दुसरीकडंही नेऊ शकत होते तिथं ते बदलले. एकटं कुणालाच सोडलं नाही.

मुलींना तो खेळ फार आवडला. नारळीच्या बागेतून त्यांच्या हसण्याचे आवाज येत होते आणि मी पाटाच्या काठी उभी राहून मोजत होते. बत्तीस गेल्या होत्या, बत्तीस परत आल्या. मी पुन्हा एकदा हजेरी घेतली. एक मुलगी वैतागून म्हणाली, "टीचर, आम्ही सगळ्या इथंच आहोत." मी तिचं नाव घेतलं आणि तिनं "आहे" म्हणेपर्यंत पुढं गेले नाही.